निवळ सफरचंद रस : चव चोख, पण निवळपणा मुदतीपर्यंत टिकत नाही

पारदर्शक काचेच्या बाटलीतला निवळ सफरचंद रस चवीइतकाच दिसण्यावर खपतो. बाटलीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरे रसातून स्पष्ट वाचता यावीत एवढी त्याच्याकडून रास्त अपेक्षा असते, आणि ज्या रसाचे हे परीक्षण आहे तो विकत आणला तेव्हा ही अपेक्षा पुरेपूर भागवत होता. पुढे काही महिन्यांनी, वेष्टनावरची मुदत संपायला बराच अवकाश असताना, त्याच गटक्रमांकाच्या न उघडलेल्या बाटल्यांच्या तळाशी फिकट तपकिरी साका बसला आणि वरचा रसही धूसर दिसू लागला. रस बिघडला होता असे नाही. झाकण फुगलेले नव्हते, उघडताना वायू बाहेर पडला नाही, आंबूस वास नव्हता आणि चवही जवळपास पहिल्यासारखीच होती. त्यामुळे माझा आक्षेप आरोग्याबद्दल नाही. ‘निवळ’ हा शब्द ठळक अक्षरांत छापणाऱ्या उत्पादकाने तो निवळपणा किती काळ टिकेल याचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही, हा आक्षेप आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हा दोष या एकाच उत्पादनाचा नसून निवळ रसांच्या सगळ्या वर्गाला कमीअधिक प्रमाणात लागू पडणारा आहे.

आधी जमेची बाजू. हा रस कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी मिसळून पुन्हा मूळ दाटपणाला आणलेला आहे, त्यात साखर घातलेली नाही आणि अँटिऑक्सिडंट म्हणून ॲस्कॉर्बिक आम्ल वापरल्याचा उल्लेख वेष्टनावर आहे. कॉन्सन्ट्रेटपासून बनवलेले बहुतेक निवळ रस केवळ गोड पाण्यासारखे लागतात; आंबटपणा पुसट, सुगंध नावापुरता आणि घोट गिळल्यावर जिभेवर काहीच उरत नाही. या रसात मात्र आंबटगोडाचा तोल नीट साधलेला आहे आणि घोटाच्या शेवटी जिभेच्या कडांना हलका तुरटपणा जाणवतो, जो खऱ्या सफरचंदाच्या सालीजवळच्या गराची आठवण करून देतो. चवीच्या बाबतीत मी या रसाला चांगले गुण देईन. गंमत अशी की हे गुण ज्या घटकांमुळे मिळाले, साक्याचे मूळही बहुधा त्याच घटकांत आहे.

साठवणीत काय फरक पडतो हे पाहण्यासाठी एक बाटली फ्रिजमध्ये आणि एक बंद कपाटात ठेवली होती. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा अरुंद झोत बाटलीच्या एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूने नव्हे, तर काटकोनातून पाहिले की जे एरवी डोळ्यांना जाणवत नाही तेही दिसते : पूर्ण निवळ द्रवात झोताचा मार्ग जवळजवळ अदृश्य राहतो, आणि धूसर द्रवात तो दुधाळ पट्ट्यासारखा उजळतो. फ्रिजमधल्या बाटलीत असा पट्टा स्पष्ट दिसला. पण तीच बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवल्यावर पट्टा हळूहळू फिका होत जवळपास नाहीसा झाला. कपाटातल्या बाटलीचा रंग फ्रिजमधल्या बाटलीपेक्षा एक छटा गडद झाला होता, तळाचा साका बाटली तिरपी केल्यावर बारीक पापुद्र्यांसारखा सुटून वर येत होता आणि कोमट पाण्याने त्यावर काहीही परिणाम झाला नाही. थंडीत येणारा व उबेने जाणारा धूसरपणा आणि कशानेही न जाणारा साका ही एकाच प्रक्रियेची दोन वये असू शकतात, आणि या रसाबाबत तसेच घडले असावे असे मला वाटते.

हे समजण्यासाठी रस निवळ कसा करतात ते थोडक्यात पाहावे लागेल. ताजा पिळलेला सफरचंद रस गढूळ असतो, कारण त्यात गराचे सूक्ष्म कण तरंगत असतात आणि पेक्टिन हा फळातलाच चिकट पदार्थ त्यांना खाली बसू देत नाही. या कणांच्या गाभ्यातील प्रथिनांवर रसाच्या आम्लतेत धन विद्युतभार असतो आणि त्यांच्याभोवतीच्या पेक्टिनच्या आवरणावर ऋण भार असतो. बाहेरून सारे कण सारख्याच भाराचे असल्याने एकमेकांना दूर लोटत राहतात. पेक्टिनेज एन्झाइमने हे आवरण जागोजागी तोडले की आतला धन भार उघडा पडतो, शेजारच्या कणाचा ऋण भार त्याला ओढून घेतो आणि कणांचे पुंजके होऊन ते तळाला जातात. सफरचंदाचा रस एन्झाइमने निवळ करण्याची पद्धत झोल्टान कर्टेझ यांनी न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील कृषी संशोधन केंद्रात १९३० मध्ये मांडली आणि आजचा जवळजवळ सगळा निवळ रस याच वाटेने तयार होतो. पुढे बेंटोनाइट माती, जिलेटिन किंवा सिलिकाचे द्रावण घालून उरलेसुरले पदार्थ ओढून घेतात, आणि शेवटी रस गाळतात. ही शेवटची गाळणी आता बहुतेक ठिकाणी अल्ट्राफिल्ट्रेशनची असते. तिच्या पटलाची छिद्रे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या आसपास असल्याने दिसण्याजोगा एकही कण पलीकडे जात नाही.

मग बाटलीत साका येतो कुठून? तो बाहेरून येत नाही आणि गाळणीतून निसटलेलाही नसतो. तो बाटलीतच तयार होतो. प्रकाश विखुरण्यासाठी कण साधारण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या जवळपास पोहोचावा लागतो, आणि गाळणीतून गेलेले रेणू त्याहून कितीतरी लहान, पूर्ण विरघळलेले असतात. त्यांतील दोन प्रकार इथे महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे प्रथिने, जी सफरचंदाच्या रसात अगदी थोडी असतात. आणि दुसरे म्हणजे पॉलिफेनॉल ही वनस्पतींतली संयुगे, ज्यांत कॅटेचिन, एपिकॅटेचिन आणि त्यांच्या साखळ्या म्हणजे प्रोसायनिडिन येतात. मघाचा तो जिभेच्या कडांचा तुरटपणा याच प्रोसायनिडिनांचा. ते लाळेतल्या प्रथिनांना पकडतात म्हणून तोंड आवळल्यासारखे वाटते. बाटलीत हीच पकड रसातल्या प्रथिनांवर बसते.

कॉर्नेल विद्यापीठातील कार्ल सीबर्ट यांनी पेयांमधल्या या धूसरपणाचा बराच अभ्यास केला आणि १९९०च्या दशकात त्याचे जे स्पष्टीकरण दिले ते मला आजही सर्वांत समाधानकारक वाटते. सगळी प्रथिने सारखीच धूसरपणा आणत नाहीत; ज्यांत प्रोलिन हे अमिनो आम्ल भरपूर असते ती आणतात, कारण प्रोलिनच्या जागी पॉलिफेनॉलला चिकटायला सोय असते. पॉलिफेनॉललाही निदान दोन टोके हवीत, म्हणजे ते दोन प्रथिनांमध्ये सांध्याचे काम करू शकते. दोन्हींच्या जोडणीच्या जागा जेव्हा संख्येने जवळपास बरोबरीच्या असतात तेव्हा मोठे जाळे विणले जाते आणि सर्वाधिक धूसरपणा येतो. पॉलिफेनॉल फारच जास्त झाले तर प्रथिनावरची प्रत्येक जागा वेगवेगळ्या रेणूने अडवली जाते आणि सांधायला मोकळी जागाच उरत नाही, तर प्रथिने फार जास्त झाली तर सांधणारे कमी पडतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की उत्पादकाने दोन्ही काढायची गरज नाही. दोहोंपैकी एकाचे प्रमाण पुरेसे खाली आणले तरी रस टिकाऊ होतो.

या जाळ्याचे बंध सुरुवातीला दुबळे असतात, त्यामुळे थंडीत जमलेले जाळे उबेत विरघळते, आणि फ्रिजमधल्या बाटलीत हेच पाहायला मिळाले. काळ जाईल तशी दुसरी प्रक्रिया सुरू होते. फळ चिरडताना पॉलिफेनॉल ऑक्सिडेज एन्झाइम आणि हवेतला ऑक्सिजन यांनी काही पॉलिफेनॉलांचे क्विनोनमध्ये रूपांतर केलेले असते, ते एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात, आणि बाटलीच्या गळ्याशी उरलेल्या हवेतील ऑक्सिजनमुळे हे काम साठवणीतही संथपणे चालू राहते. रसाच्या आम्लतेत प्रोसायनिडिनांच्या साखळ्या तुटून नव्याने जुळणेही घडत राहते. साखळी जितकी लांब तितकी तिची पकड घट्ट, आणि एका टप्प्यानंतर तिला प्रथिनाचीही गरज उरत नाही. ती स्वतःच विरघळलेली न राहता खाली बसते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा प्रक्रियांचा वेग ढोबळमानाने दुपटीच्या घरात जातो, म्हणून कपाटातली बाटली पुढे गेली आणि फ्रिजमधली मागे राहिली. काचेतून ऑक्सिजन आत येत नाही ही या उत्पादनाची जमेची बाजू आहे; प्लॅस्टिकच्या पेट बाटलीत तोही हळूहळू झिरपतो.

अल्ट्राफिल्ट्रेशनवर असलेल्या आंधळ्या भिस्तीबद्दल इथे स्पष्ट बोलायला हवे. गाळणीतून बाहेर पडणारा रस चकाकतो, आणि ती चकाकी पाहून काही उत्पादक बेंटोनाइट वा पॉलिफेनॉल शोषणाऱ्या पीव्हीपीपीची पायरी वगळतात किंवा आखडती घेतात. परंतु पटल आकार पाहते, स्वभाव पाहत नाही; ज्या छोट्या पॉलिफेनॉलांपासून पुढे साका होणार ते छिद्रातून सहज निघून जातात. गाळताना तुरटी फिरवून निवळलेले पाणी आणि नुसते फडक्याने गाळलेले पाणी यांत जो फरक, तोच इथेही आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे : पीव्हीपीपी किंवा शोषक रेझिन सढळ हाताने वापरले तर रस वर्षभर निवळ राहील, पण रंग उतरेल आणि मी वर ज्याचे कौतुक केले तो तुरटपणा नाहीसा होईल. या उत्पादकाने चव राखली, आणि त्याची किंमत निवळपणाने चुकवली गेली, असा माझा अंदाज आहे.

जिलेटिनचा मुद्दा वेगळा आणि अधिक नाजूक आहे. जिलेटिनच्या अमिनो आम्लांपैकी सुमारे पाचवा हिस्सा प्रोलिन व हायड्रॉक्सिप्रोलिन असतो, म्हणून ते टॅनिन, म्हणजे प्रोसायनिडिनांसारखी तुरट पॉलिफेनॉले, ओढून घेण्यात पटाईत. पण गरजेपेक्षा थोडे जास्त पडले आणि रसात उरले, तर साका आणणारे सर्वांत कार्यक्षम प्रथिन आपण स्वतःच्या हाताने बाटलीत घातल्यासारखे होते. म्हणून प्रत्येक खेपेला आधी छोट्या नमुन्यांवर मात्रा ठरवावी लागते, कारण फळाची जात, पिकलेपण आणि साठवण यांनुसार टॅनिन बदलते. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो : जिलेटिन प्राणिजन्य असते, आणि प्रक्रियेत वापरून काढून टाकलेल्या पदार्थांचा उल्लेख घटकांच्या यादीत सहसा नसतो. शाकाहारी ग्राहकाने हा प्रश्न उत्पादकाला थेट विचारलेला बरा. वाटाण्याचे प्रथिन किंवा नुसते बेंटोनाइट वापरूनही काम भागते.

साक्याची इतर कारणे मी तपासून बाजूला ठेवली. कच्च्या फळात स्टार्च बराच असतो. रस तापवला की तो फुलून विरघळतो, गाळणीतून जातो आणि थंड झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा एकत्र येऊन धूसरपणा आणतात. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या आयोडीनचे थेंब वेगळ्या काढलेल्या थोड्या रसात टाकले तर स्टार्च असल्यास निळा रंग यायला हवा. इथे एक अडचण आहे, ती म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल आयोडीनचा रंग उडवते, त्यामुळे पिवळसर रंग टिकेपर्यंत थेंब वाढवत न्यावे लागतात. तसे केल्यावरही निळी छटा दिसली नाही. (हा नमुना अर्थातच फेकून द्यायचा.) पेक्टिन उरले असते तर दुप्पट आम्लयुक्त अल्कोहोल मिसळल्यावर काही मिनिटांत तंतू किंवा गोळे वर आले असते, पण ही चाचणी प्रयोगशाळेतच करण्याजोगी आहे, माझा तर्क एवढाच की पेक्टिनचा साका पापुद्र्यांचा नसतो, जेलीसारखा सैल व फुगीर असतो. अरॅबन नावाची साखरेची साखळीही कॉन्सन्ट्रेटमध्ये स्फटिकरूपाने बसू शकते, विशेषतः फळातून रसाचा शेवटचा थेंब काढण्यासाठी एन्झाइमचा अतिरेक केला असेल तर. मात्र ती सहसा दाट कॉन्सन्ट्रेटमध्येच दिसते आणि पाणी घालून तापवल्यावर विरघळते. द्राक्षाच्या रसाच्या तळाशी दिसणारे चमकदार खडे पोटॅशियम बायटार्टरेटचे आणि डाळिंबाच्या रसातला बारीक साका इलॅजिक आम्लाचा असतो; सफरचंदाशी त्यांचा संबंध नाही.

एक भेद मात्र प्रत्येक ग्राहकाला माहीत असायला हवा. रस धूसर होण्यासोबत झाकण फुगले असेल, उघडताना फसफसले असेल, दारूसारखा वा आंबूस वास असेल, किंवा पृष्ठभागाशी कापसासारखे तंतू दिसत असतील, तर ते यीस्ट वा बुरशीचे काम आहे आणि तो रस चाखूनही पाहू नये. याउलट, निवळ दिसणारा रसही दगा देऊ शकतो : अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस अ‍ॅसिडोटेरेस्ट्रिस हा जिवाणू, ज्याचे बीजाणू पाश्चरीकरणातून वाचतात, वायूही करत नाही आणि बहुधा दिसण्याजोगा गढूळपणाही आणत नाही, तो ग्वायाकॉल तयार करतो आणि रसाला औषधासारखा, धुरकट वास येतो. १९८२ मध्ये जर्मनीत सफरचंदाचाच रस अशा तऱ्हेने बिघडल्यावर उद्योगाचे लक्ष या जिवाणूकडे गेले. म्हणजे साका दिसला म्हणून रस वाईट आणि साका नाही म्हणून चांगला, हे दोन्ही निष्कर्ष उतावळे ठरतात. परीक्षणातल्या बाटल्यांत वरीलपैकी एकही लक्षण नव्हते.

उत्पादकाच्या ग्राहक सेवेला मी छायाचित्रे आणि गटक्रमांक पाठवला. उत्तर तत्परतेने आणि सभ्य भाषेत आले, पण त्यातला मजकूर असा की हा नैसर्गिक साका आहे, त्याने अपाय होत नाही, बाटली हलवून प्यावी. पहिले विधान खरे आहे, दुसरेही खरे आहे, आणि तिसरे निवळ रसाच्या बाबतीत हास्यास्पद आहे. हलवूनच प्यायचा असेल तर ग्राहक गढूळ रस घेईल, जो निवळण्याच्या साऱ्या खटाटोपातून गेलेला नसतो आणि ज्यात पॉलिफेनॉलही साधारणपणे जास्त राहिलेली असतात. मी पुढे विचारले की हा गट भरण्यापूर्वी टिकाऊपणाची चाचणी झाली होती का. ही चाचणी काही अवघड नाही : नमुना ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचा, मग फ्रिजच्या तापमानाला थंड करायचा, असे आलटून पालटून करायचे आणि आधीचा व नंतरचा धूसरपणा एनटीयू या एककात मोजायचा. भरताना निवळ रस एक-दोन एनटीयूच्या आत असणे ही कारखान्यांची नेहमीची अपेक्षा. खरा प्रश्न असतो तो चाचणीनंतर हा आकडा किती चढतो याचा. सोबत एका नमुन्यात थोडे टॅनिन आणि दुसऱ्यात थोडे जिलेटिन घातले, तर प्रथिने उरली आहेत की पॉलिफेनॉल, तेही लगेच कळते. या प्रश्नाला मिळालेले उत्तर पहिल्याच उत्तराची नक्कल होती, आणि सेवेचे गुण मी तिथेच कापले.

वेष्टनाबद्दलही तेच. ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ एवढीच सूचना आहे. थंड म्हणजे किती, उजेडात ठेवल्याने काय होते, साका आल्यास काय समजावे, यावर एक ओळही नाही. रंगहीन काच दिसायला देखणी आहे, पण दुकानाच्या दिव्याखाली महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या बाटलीला तिचा आडोसा मिळत नाही. मुदत ठरवताना रस पिण्यायोग्य किती दिवस राहतो एवढेच पाहिलेले दिसते, निवळ किती दिवस राहतो हे नाही.

चवीसाठी घेणाऱ्याने हा रस निःशंकपणे घ्यावा. घेताना मुदतीची अखेरची तारीख न पाहता भरल्याची तारीख पाहावी आणि अलीकडचीच बाटली उचलावी, दुकानात उजेडासमोर धरून तळ तपासावा, घरी आणल्यावर अंधारात व शक्यतो फ्रिजमध्ये उभी ठेवावी, आणि पाहुण्यांसमोर पेल्यात ओतण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. उघडल्यावर काही दिवसांत संपवावी. त्यानंतर येणारा गढूळपणा या परीक्षणात सांगितलेला नव्हे, यीस्टचा असण्याची शक्यता अधिक. साका आलेलीच बाटली पदरी पडली तर ती हलवू नये. अलगद तिरपी करून वरचा रस ओतून घ्यावा आणि तळाचा बोटभर तसाच सोडून द्यावा. सरबतासाठी किंवा जेलीसाठी काचेसारखा निवळ रसच हवा असणाऱ्यांनी मात्र, उत्पादक टिकाऊपणाच्या चाचणीचा आकडा सांगायला तयार होईपर्यंत, या रसाचा साठा करून ठेवू नये.